लाल डगल्यावर फोडलेले खापर : कवायती फौजांविषयीचा एक हट्टी गैरसमज

१/
मित्रहो, इतिहासाच्या नावाने एक वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरते आहे : ‘मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, फिरंग्यांची नक्कल करून पलटणी उभारल्या, आणि म्हणून राज्य बुडाले.’ वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे आणि अभिमानाला सुखावणारेही आहे. परंतु ते पुराव्यापुढे टिकत नाही. आजचा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
हा विषय कळंबहून मांडण्याला कारण आहे. मांजरेकाठच्या या गावातून वाशी-भूमच्या वाटेने पश्चिमेला गेलो की साठ-सत्तर किलोमीटरवर खर्डा लागतो. पूर्वेला औसा आणि त्यापुढे उदगीर. उत्तरेला जालना जिल्ह्यात असई. १७६० ते १८०३ या अवघ्या त्रेचाळीस वर्षांत दख्खनमधील कवायती पायदळाच्या तीन मोठ्या परीक्षा याच मराठवाड्याच्या मातीत आणि तिच्या सीमेवर झाल्या. पुण्यातील आणि ग्वाल्हेरमधील इतिहास आपण वाचतो; पायाखालचा मात्र वाचायचा राहून जातो.

३/
प्रथम प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडू. हे मत केवळ आजच्या संदेशवीरांचे नाही. टॉमस मन्रो आणि आर्थर वेलस्ली यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच ते आरंभी मांडले : मराठे घोडदळाच्या जुन्या पद्धतीला चिकटून राहिले असते तर त्यांना हरवणे कठीण गेले असते, कवायती पायदळ आणि अवजड तोफखाना घेतल्याने ते एका जागी सापडू लागले. जेत्याने पराभूताला दिलेला हा दाखला आपण बिनतक्रार स्वीकारला. तो तपासून पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

४/
मुळात कवायत कशासाठी? त्या काळची चकमकीची बंदूक शंभर पावलांपलीकडे नेम धरून मारण्याच्या कामाची नव्हती. दारू भरा, गोळी ठासा, चाप ओढा, पुन्हा आरंभ करा. एकटा बंदूकधारी म्हणजे घोडेस्वाराचे सोपे भक्ष्य. परंतु तीन रांगांत उभी राहिलेली पाचशे माणसे एका हुकुमाने बार काढू लागली आणि बंदुकीच्या टोकाला संगीन बसली, की तीच माणसे चालती तटबंदी होत. पाऊल जुळवणे, रांग धरणे, धुरात उभे राहून हुकूम ऐकणे हे सारे त्या शस्त्राच्या उणिवेवरचे उत्तर होते. त्यात फिरंगी शोभेचा काही संबंध नाही.

५/
हे उत्तर मराठ्यांनी हौसेने शोधले नाही. ते त्यांना रणात शिकवले गेले. १७५१ मध्ये सलाबतजंगाबरोबर फ्रेंच सेनानी बुसी दख्खनमध्ये होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुकडीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. छापा हे तर आपले शस्त्र! ते शत्रूने कवायती पायदळाच्या आणि हलक्या तोफांच्या बळावर आपल्यावरच उलटवले. ‘गनिमी कावा आमचा, कवायत त्यांची’ अशी वाटणी इतिहासात नाही. कवायती फौजही छापे घालू शकत होती.

६/
बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला गाठले, तेव्हा इब्राहिमखानाच्या पलटणी आणि तोफा मराठ्यांच्या बाजूने होत्या. घोडदळाने वेढायचे, रसद तोडायची, आणि गारद्यांनी पुढे होऊन भडिमार करायचा. जुने आणि नवे एकत्र आल्यावर काय घडते ते येथे दिसले. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले तहात पदरी पडले. उदगीरच्या विजयाचा अभिमान बाळगणाऱ्याने गारद्यांनाही त्यातला वाटा दिला पाहिजे.

७/
‘पण पानिपत?’ हा प्रश्न येणारच. १४ जानेवारी १७६१ रोजी डाव्या बगलेवर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची भयंकर हानी केली. पराभवाची कारणे अनेक आहेत : आठवडेच्या आठवडे तुटलेली रसद, उपाशी माणसे आणि जनावरे, सोबतचा बुणग्यांचा भार, उत्तरेत एकही भक्कम मित्र नसणे. अवजड तोफांमुळे हालचाल मंदावली, हा आक्षेप खोटा नाही. परंतु रणात अखेरपर्यंत लढून गारद झालेल्या पायदळावर पराभवाचा ठपका ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि त्याला ठार करण्यात आले.

८/
मग ‘गारदी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा का झाला? ३० ऑगस्ट १७७३ मुळे. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला. सुमेरसिंह आणि त्याचे साथीदार वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची मागणी पुढे करून. कटाची सूत्रे घरातली होती, हे सर्वश्रुत आहे. येथे एक धागादोरा हातात घ्यावा आणि शेवटपर्यंत सोडू नये : थकलेला पगार. फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला हा शब्द ज्या माणसांना लागला, ती रोख वेतनावर जगणारी होती. वेतन थांबले की कवायत राहते, निष्ठा राहत नाही.

९/
पानिपतातून पायाला जन्माची जखम घेऊन परतलेल्या एका माणसाने हे सारे नीट पाहिले होते : महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयचा बेनवा डी बॉयन याला चाकरीत घेतले. मराठी कागदांतला हाच ‘डिबॉईन’. आरंभ दोन पलटणींनी झाला. १७८७ मध्ये लालसोटला महादजींच्या सैन्यातील बादशाही पलटणी ऐन वेळी जयपूरकरांना जाऊन मिळाल्या. कारण पुन्हा तेच, चढलेला पगार. डी बॉयनच्या दोन पलटणी मात्र रांग न मोडता लढत मागे आल्या. दोन्हीकडे कवायत सारखीच होती; फरक वेतनाच्या वहीत होता.

१०/
आता डगल्याविषयी. डी बॉयनच्या तेलंगी पलटणींचा पोशाख कंपनीच्या शिपायांसारखा, लाल डगल्याचा आणि काळ्या चामड्याच्या पट्ट्यांचा होता. यावर आजही विनोद होतात. पण चार तोफा डागल्या की रणभर दारूचा पांढरा धूर पसरे आणि दहा पावलांवरचा आपला कोण, परका कोण, हे कळेनासे होई. भडक रंग ही त्या धुरातली ओळख होती. शिवाय निरनिराळ्या जातींची, गावांची आणि धर्मांची माणसे एका रांगेत उभी करायची, तर पोशाखाने त्यांना आधी एकसारखे करावे लागे. डगला नकलेसाठी घातला नव्हता. तो कामासाठी घातला होता.

११/
त्या कामाचे फळ १७९० मध्ये दिसले. २० जूनला पाटण, १० सप्टेंबरला मेडता. मेडत्याला राठोडांचे घोडदळ ज्या आवेशाने तुटून पडले त्याला हिंदुस्थानात जोड नव्हती. डी बॉयनच्या पलटणींनी पोकळ चौकोन धरला. चारी बाजूंनी संगिनी आणि बार. राठोड तोफांपर्यंत पोहोचले, मागे हटले, पुन्हा आले, आणि त्या चौकोनावर आपटून संपले. शौर्यात ते तसूभरही उणे नव्हते. घोडदळाचे युग कसे संपते हे मारवाडच्या त्या मैदानात मराठ्यांनी दाखवून दिले. ‘घोड्यावरच राहिलो असतो तर’ असे म्हणणाऱ्यांनी मेडत्याचे उत्तर द्यावे.

१२/
महादजींची खरी कमाई मात्र पलटणींच्या मागे उभी होती. फौजेच्या खर्चासाठी अंतर्वेदीतला सुपीक मुलूख ‘जायदाद’ म्हणून नेमून दिला होता. त्याचा वसूल थेट पगाराकडे जाई. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडत. जखमी शिपायांच्या तरतुदीचे नियम होते. मुख्यालय अलीगढला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी वारले, तेव्हा असे तीन कंपू उभे होते. ग्वाल्हेरमधल्या ‘कंपू’ भागाचे नाव याच जगाची खूण आहे. आज मराठीत ‘कंपू’ म्हणजे कुजबुजणारी टोळी. त्या काळी तो हिंदुस्थानातल्या सर्वांत भक्कम फौजेचा शब्द होता.

१३/
आता आपल्या दारातला खर्डा. ११ मार्च १७९५. निजामअलीच्या बाजूने फ्रेंच सेनानी रेमंडचे सुमारे अकरा हजारांचे कवायती पायदळ. मराठ्यांच्या बाजूने परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली सर्व सरदारांच्या फौजा, त्यांत शिंद्यांच्या पलटणींसह पेरॉन आणि होळकरांच्या पलटणींसह द्युद्रनेक. म्हणजे दोन्हीकडे फ्रेंच कवायत! रेमंडची माणसे चांगली लढली. पण निजाम रात्री घाबरून निंबाळकरांच्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, आणि फौज त्याच्यामागे विस्कटली. तीन कोटींची खंडणी, दौलताबादसह मुलूख आणि खुद्द दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली. रांग शिपायाची मोडली नाही. धन्याचा धीर सुटला.

१४/
खर्ड्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. इंग्रजांनी मदत नाकारली म्हणून निजामाने रेमंडचा फौजफाटा वाढवला. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. हैदराबादचा मूसारामबाग हा त्याच्याच नावाचा अपभ्रंश मानला जातो. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात रेमंडच्या पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. हजारो शिक्षित शिपाई जवळजवळ रक्त न सांडता निःशस्त्र कसे झाले? ते त्या क्षणी थकलेल्या पगारासाठी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांवर उठले होते. तो धागादोरा अजून हातात आहे ना?

१५/
येथे मला प्रतिपक्षाला एक प्रश्न विचारायचा आहे. कवायती फौज ही एतद्देशीय राजांची दुर्बलता होती, तर इंग्रजांना ती नष्ट करण्याची एवढी घाई का? १७९८, हैदराबाद : फ्रेंच पलटणी मोडा. ३१ डिसेंबर १८०२, वसई : इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतले युरोपीय पेशव्यांनी चाकरीत ठेवायचे नाहीत. ३० डिसेंबर १८०३, सुर्जी-अंजनगाव : शिंद्यांवर तोच निर्बंध. शत्रू स्वतःच्या हाताने आपले नुकसान करून घेत असेल, तर शहाणा माणूस त्याला अडवत नाही. वेलस्लीचे मत काय होते ते सोडा. त्याच्या तहांची कलमे वाचा.

१६/
१८०३ च्या युद्धात इंग्रजांचा पहिला वार पलटणींवर नव्हे, त्यांच्या अधिकाऱ्यांवर झाला. शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनी वेतन देईल, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलने काढला. अनेकजण निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगढचा दरवाजा फोडताना वाट दाखवणारा लुकन पूर्वी शिंद्यांच्याच नोकरीत होता. स्वतः पेरॉन लढाई अर्ध्यावर टाकून लेककडे आश्रयाला गेला. त्याची ठेव कंपनीच्या राज्यात सुरक्षित होती. शिपाई मात्र अलीगढात लढून मेले. आता सांगा, नासका भाग कोणता होता? कवायत की कवायत शिकवणाऱ्याचे बाहेरचे हितसंबंध?

१७/
२३ सप्टेंबर १८०३, असई. वेलस्लीने पिंपळगावाजवळच्या उतारातून कैलना ओलांडली आणि बगलेवर येऊन ठाकला. कच्चे पायदळ अशा वेळी गडबडते. पोलमनच्या पलटणींनी सगळी आघाडी वळवून नव्या तोंडाने रांग धरली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हते. त्याच्या सुमारे साडेचार हजारांपैकी ४२८ ठार आणि ११००हून अधिक जखमी झाले. पडल्याचे सोंग करून शिंद्यांच्या गोलंदाजांनी पुढे गेलेल्या इंग्रजांवर पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. आणि त्या वेळी मराठ्यांचे हजारोंचे घोडदळ, ज्याच्या नावाने आपण उसासे टाकतो, ते काय करीत होते? बहुतांशी पाहत होते. शिंदे आणि भोसले रण सोडून गेले होते.

१८/
१ नोव्हेंबर १८०३, लासवारी. आता या पलटणींना युरोपीय अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते. एतद्देशीय सुभेदार-जमादारांच्या हुकुमावर त्या लढल्या आणि जागच्या जागी कापल्या गेल्या, पण पळाल्या नाहीत. लेकच्या फौजेतील आठशेहून अधिक माणसे ठार-जखमी झाली. फ्रेंच अधिकारी असते तर निकाल संशयास्पद ठरला असता, अशा अर्थाची कबुली लेकने स्वतः लिहून ठेवली आहे. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत दुःखद पुरावा हाच. गावोगावची ती माणसे कवायत पूर्णपणे आपलीशी करून बसली होती. त्यांना सेनापती म्हणून वर येऊ देणारी व्यवस्था मात्र कोणी उभारली नाही.

१९/
‘यशवंतराव होळकरांनी घोडदळाने मॉन्सनला पळवून लावलेच की!’ खरे आहे. १८०४ च्या पावसाळ्यातली मॉन्सनची ती माघार इंग्रजांना कायमची झोंबली. पण पुढचे पानही वाचावे. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादला, चोवीस तासांत सुमारे सत्तर मैलांची दौड करून, लेकच्या घोडदळाने यशवंतरावांच्या घोडदळाला पहाटे छावणीतच गाठले. वेग ही कोणाचीही मक्तेदारी नसते. आणि यशवंतराव स्वतः? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला ते पलटणी घेऊनच जिंकले होते; १८०४ मध्ये फितुरीच्या संशयावरून त्यांनीच विकर्स आदी इंग्रज अधिकाऱ्यांची डोकी उडवली. त्यांनी कवायत टाकली नाही. परक्या अधिकाऱ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

२०/
हे दुखणे आपलेच होते काय? इराणकडे पाहा. रशियाकडून मार खाल्ल्यावर युवराज अब्बास मिर्झा याने तब्रीझला ‘निझाम-ए-जदीद’, म्हणजे नवी व्यवस्था, आरंभली. फिरंगी डगल्याची थट्टा होईल म्हणून आधी वीस-तीस माणसांना बंद चौकात कवायत. मग त्याने स्वतः बंदूक खांद्यावर घेतली आणि सरदारांनाही घ्यायला लावली. १८०७ मध्ये नेपोलियनचा दूत गार्दान शिक्षक घेऊन आला. पण त्याच वर्षी नेपोलियनने रशियाशी मैत्री केली आणि इराणची गरज संपली. फ्रेंच गेले, त्यांच्या जागी इंग्रज आले. तेथेही पुढे तोच सूर उमटला : जुने घोडदळ सोडले, म्हणून इराण बुडाला.

२१/
आणि हे इंग्रज शिक्षक इराणात नेणारा कोण? जॉन मालकम. १७९८ मध्ये रेमंडच्या पलटणी निःशस्त्र करताना हैदराबादेत हजर असलेला, सुर्जी-अंजनगावनंतर शिंद्यांशी पुढचा तह करणारा, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा तोच मालकम! १८१० मध्ये त्याच्याबरोबर मुंबईच्या फौजेतला क्रिस्टी आणि मद्रासकडचा लिंडसे इराणात गेले. १८१२ मध्ये इंग्लंड-रशिया मैत्री होताच इंग्रज अधिकाऱ्यांना परतण्याचे हुकूम सुटले. क्रिस्टी मागे राहिला आणि अस्लंदुझच्या रणात पडला. एकाच माणसाने दख्खनमध्ये फ्रेंच कवायत मोडली आणि तब्रीझला इंग्रज कवायत पुरवली. कवायत इंग्रजांना वाईट वाटत नव्हती. ती कोणाच्या मुठीत आहे, याची त्यांना चिंता होती.

२२/
मग आपली चूक नव्हतीच का? होती, आणि मोठी होती. अधिकारी घडवणारी स्वतःची शाळा नव्हती. घोडदळ आणि पायदळ एका सेनापतीच्या हाताखाली एकजीव झाले नाहीत. महादजींनंतर दौलतरावांच्या दरबारात कलह माजला. १७९८ मध्ये पैशासाठी सर्जेराव घाटग्यांनी पुणे पिळून काढले. शिंदे आणि होळकर एकमेकांच्या पलटणी संपवण्यात गुंतले. १७९३ च्या लाखेरीला डी बॉयनने होळकरांच्याच पलटणी कापल्या होत्या. म्हणजे दोष सुधारणेचा नाही, सुधारणा अर्धवट सोडल्याचा आहे. हत्यार घेतले, ते पोसणारा खजिना आणि चालवणारा एकमुखी दरबार घेतला नाही.

२३/
परके स्वीकारणे हे शिवछत्रपतींच्या परंपरेविरुद्ध होते, असे म्हणणाऱ्यांनी कल्याण-भिवंडीच्या गोद्या आठवाव्यात. १६५९ मध्ये महाराजांनी जहाजबांधणीसाठी पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. पण तेथे कौशल्य परक्यांचे आणि हुकूम आपला. पगार रोख, हिशेब काटेकोर, आणि किल्ला कोणा एकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. गनिमी काव्यामागे ती व्यवस्था होती. आपण काव्याच्या गोष्टी सांगतो आणि व्यवस्थेचे नाव घेत नाही. मग १८०३ मध्ये काय हरवले, हे आपल्याला कसे उमजणार?

२४/
शेवटचा पुरावा आपल्या जिल्ह्याचा आहे. रेमंडची फौज गेल्यावर निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ उभी राहिली. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार थकत गेला, पामर कंपनीसारख्या पेढ्यांचे कर्ज झाले, मग खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचे. १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा आपला मुलूख इंग्रजांकडे लावून देण्यात आला. मेडोज टेलर नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो याच व्यवहारातून. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही.

२५/
विचार करा. महादजींच्या जायदादीत मुलूख फौजेला नेमून दिला होता, आणि फौज आपली होती. १८५३ मध्येही मुलूख फौजेलाच नेमून दिला, पण फौज परक्याची होती. कवायत तीच, डगला तसाच. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी भरलेला सारा कोणाच्या शिपायाच्या पगारात गेला, एवढाच फरक. आणि राज्य असणे व नसणे यातले सारे अंतर त्या एका फरकात आहे. लाल डगल्यावर खापर फोडले की हा हिशेब मांडावा लागत नाही. म्हणूनच ते खापर इतके लोकप्रिय आहे.

२६/
आज कळंबच्या मैदानावर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले कवायतीला परकी समजत नाहीत. ‘सावधान’, ‘विश्राम’ त्यांच्या अंगवळणी पडले आहे. ‘पलटण’, ‘काडतूस’, ‘गारद’ हे शब्द मराठीने कधीच पचवले. लासवारीच्या शिपायानेही हे सारे असेच पचवले होते. त्याला नकलाकार म्हणून हिणवणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. पहिला त्याच्या धन्यांनी केला. तेव्हा ते सुटसुटीत वाक्य पुन्हा समोर आले, तर पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारा : पगार कोण देत होते, आणि हुकूम कोणाचा चालत होता?

२७/
मतभेद असतील तर अवश्य मांडावेत. नाव, तिथी आणि पुरावा यांसह मांडावेत. आणि जमले तर एखाद्या रविवारी खर्ड्याच्या किल्ल्यावर जाऊन यावे. त्या भिंतींच्या आत एक भेदरलेला निजाम बसला होता, आणि बाहेर उघड्या माळावर त्याच्या पायदळाची रांग तोपर्यंत लढत उभी होती. धागा समाप्त.